वेस्ली कोरिर: बोस्टन जिंकणारा धावपटू अपक्ष खासदार कसा झाला, आणि खासदार असताना धावला कसा?

सह्यधाव

नमस्कार मंडळी. आमच्या धावण्याच्या गटाच्या अंकासाठी केनियाच्या वेस्ली कोरिरवर लेख करायचा आहे. सनावळी जुळवून झाली आहे: २००९ आणि २०१० ची लॉस एंजेलिस मॅरेथॉन, २०१२ ची बोस्टन, मार्च २०१३ मध्ये चेरांगनी मतदारसंघातून अपक्ष म्हणून विजय, २०१६ चं रिओ ऑलिंपिक, २०१७ मध्ये खासदारकी संपली. पण नुसती सनावळी छापण्यात अर्थ नाही. माझे प्रश्न असे:

बोस्टनची त्याची विजयी वेळ २:१२:४०. आदल्याच वर्षी तिथे २:०३:०२ लागली होती. मग या विजयाचं एवढं नाव का?

केनियात पक्षांची लाट असताना अपक्ष निवडून येतो म्हणजे नेमकं काय करावं लागतं? तिथला कायदा काय सांगतो?

संसद सांभाळून दोन तास दहा-बारा मिनिटांच्या पातळीवर राहायचं, तर सराव कुठे बसवायचा?

आणि एकाच कार्यकाळात आटोपलं ते का?

कौतुकाच्या ओळी इंटरनेटवर ढिगाने आहेत. मला कारणं हवी आहेत.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. त्याआधी एक सुचवतो: लेख बोस्टनपासून सुरू करू नका, २००८ च्या शिकागोपासून करा. माणूस कळायला तीच शर्यत बरी.

कोरिर १९८२ चा, ट्रान्स-नझोया भागातला. शिकायला अमेरिकेत गेला आणि २००८ मध्ये लुईव्हिल विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर त्याच विद्यापीठात इमारतींच्या देखभाल-दुरुस्तीच्या खात्यात नोकरी करत तो सराव करायचा. त्या वर्षीच्या शिकागो मॅरेथॉनमध्ये त्याला निवडक धावपटूंच्या गटात जागा नव्हती. सर्वसामान्यांच्या लाटेतून, निवडक गटाच्या पाच मिनिटं मागून तो सुटला आणि २:१३:५३ वेळ देऊन एकूण चौथा आला. म्हणजे पुढच्या गटाला त्याने पाहिलंच नाही, ना वेग ठरवायला कुणी सोबत होतं. हा एकट्याने वेग राखणारा धावपटू आहे, हे तिथेच दिसतं. बोस्टनमध्ये नेमकं तेच कामाला आलं.

पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला २:०८:२४, मार्गावरचा विक्रम. २०१० मध्ये तिथेच पुन्हा पहिला, २:०९:१९. २०११ च्या शिकागोत दुसरा, २:०६:१५.

आता बोस्टन, १६ एप्रिल २०१२. वेळेची तुलना करण्यापूर्वी तीन गोष्टी बघा.

एक, २०११ ची २:०३:०२ ही जेफ्री मुताईची वेळ पाठीवरच्या वाऱ्यात झालेली. बोस्टनचा मार्ग हॉपकिंटनहून निघून एका दिशेने शहरात येतो आणि एकूण सुमारे १४० मीटर उतरतो. विश्वविक्रमाच्या नियमात उतार किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि सुरुवात-शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त चालत नाही. बोस्टन दोन्हीत बसत नाही, म्हणून ती वेळ विश्वविक्रम धरली गेली नाही. तुलनेची पट्टीच वाकडी आहे.

दोन, २०१२ ची गर्मी. पारा ३० अंश सेल्सियसच्या आसपास गेला. आयोजकांनी नाव नोंदवलेल्यांना त्या वर्षी न धावता पुढच्या वर्षी धावण्याची सवलत दिली होती, यावरून समजा. शिवाय त्या वर्षी बोस्टनमध्ये पुरुषांचा मुख्य गट सकाळी १० वाजता सुटला. आपल्या मुंबई मॅरेथॉनसारखं पहाटेच्या अंधारात निघून ऊन चढेपर्यंत आटोपणं तिथे नाही. पुढच्या गटाने शर्यत संपवली तेव्हा बारा वाजून गेले होते.

तीन, वेग. २:१२:४० म्हणजे किलोमीटरमागे ३ मिनिटं ८.७ सेकंद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागोत कोरिरने २:०६:१३ अशी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली, म्हणजे किलोमीटरमागे २ मिनिटं ५९.५ सेकंद. बोस्टनमध्ये त्याने स्वतःच्या क्षमतेपेक्षा किलोमीटरमागे साधारण ९ सेकंद सोडून दिले. डावपेच म्हणायचा तर हाच. पुढचा गट सुटला तेव्हा तो त्यांच्या मागे लागला नाही. आपल्या वेगाने, प्रत्येक टेबलावर पाणी घेत मागे राहिला.

बोस्टनमध्ये चूक कुठे होते तेही लेखात घ्या. पहिले सहा-सात किलोमीटर सलग उतार आहे, तिथे पाय हलके वाटतात आणि मांड्यांचे पुढचे स्नायू न कळत झिजतात. मग साधारण २६ ते ३४ किलोमीटरमध्ये न्यूटनचे चार चढ लागतात. शेवटचा हार्टब्रेक हिल उंचीने फार नाही, जेमतेम २७ मीटर. पण तो ३२-३३ व्या किलोमीटरला येतो. गर्मीत सुरुवातीला जास्त धावलेल्याचं तिथे संपतं. गतविजेता मुताई पोटात पेटके येऊन वाटेत थांबला. पुढे असलेला लेव्ही मटेबो शेवटच्या काही किलोमीटरांत गळाला आणि कोरिरने त्याला गाठलं. कोरिर २:१२:४०, मटेबो २:१३:०६, बर्नार्ड किपयेगो २:१३:१३.

बक्षीस दीड लाख डॉलर, त्या वेळच्या दराने पाऊण कोटी रुपयांच्या आसपास. इतकं करूनही लंडन ऑलिंपिकच्या केनियाच्या संघात तो नव्हता. किरुई, किपसांग आणि इमॅन्युएल मुताई गेले. गर्मीतली जिंकलेली शर्यत कागदावर मंद दिसते.

खडीचा_रस्ता

आकडेमोड, पाण्याच्या मात्रेबद्दल दोन ओळी वाढवतो, कारण "प्रत्येक टेबलावर पाणी घेतलं" एवढंच छापलं तर कुणीतरी ढसाढसा पिऊन आजारी पडेल.

निवडक धावपटूंना दर ५ किलोमीटरला स्वतःच्या बाटल्या ठेवता येतात. कोरिरच्या त्या दिवशीच्या वेगाने ५ किलोमीटर म्हणजे १५ मिनिटं ४३ सेकंद. अशा धावपटूने दर टेबलावर १५० ते २०० मिली घेतलं तर तासाला ५७० ते ७६० मिली होतं. जोरात धावताना पोट साधारण एवढंच सोसतं. घाम मात्र ताशी दीड लिटरच्या वर जाऊ शकतो. ती तूट भरून निघत नाही, ती फक्त पुढे ढकलता येते. म्हणून गर्मीत वेग कमी करणं हाच मुख्य उपाय आणि पाणी त्याच्या जोडीला.

पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला तेच ५ किलोमीटर साडेपस्तीस मिनिटांचे पडतात, आणि सामान्यांसाठी टेबलं त्याहून जवळजवळ असतात. त्याचा घाम कमी, वेळ जास्त. प्रत्येक टेबलावर दोन दोन पेले घेतले तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. स्वतःचं प्रमाण काढायचं तर तासभर धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो घटलं तर एक लिटर घाम. मध्ये काही प्यायलात तर ते त्यात मिळवा. शर्यतीत त्याच्या निम्म्या ते पाऊण भागाच्या वर जायची गरज नसते. धावून वजन वाढलं असेल तर नक्कीच जास्त प्यायलात.

मतपेटी

दुसरा प्रश्न माझा.

केनियात २०१० च्या राज्यघटनेनंतर अपक्षांना अधिकृत वाट मिळाली. त्याआधी संसदेसाठी पक्षाची उमेदवारी लागायची. म्हणजे २०१३ ची निवडणूक ही नव्या घटनेखालची पहिलीच, आणि कोरिर त्या वाटेने आत गेलेल्या मोजक्या लोकांपैकी एक.

अटी दोन, कलम ८५ आणि ९९ मधल्या. उमेदवार निवडणुकीच्या दिवसापूर्वी किमान तीन महिने कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचा सदस्य नसला पाहिजे. आणि त्याच्या मागे मतदारसंघातले किमान १,००० नोंदणीकृत मतदार हवेत. सिनेटसाठी हाच आकडा २,०००. आपल्याकडे लोकसभेला अपक्षाला १० सूचक पुरतात आणि अनामत भरली की झालं. केनियात अनामतीचा धाक कमी, मनुष्यबळाची परीक्षा जास्त. हजार सह्या म्हणजे प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच जमवाव्या लागतात, कारण छाननीत नाव यादीत नाही, क्रमांक चुकला, अशा कारणांनी नावं गळतात. हजाराला एक कमी पडला तरी अर्ज बाद. शिवाय निवडणूक चिन्ह स्वतःचं सुचवून आयोगाकडून मंजूर करून घ्यायचं.

तीन महिन्यांची अट लोक विसरतात. पक्षाच्या अंतर्गत निवडीत हरल्यावर चिडून अपक्ष अर्ज भरायचा, ही आपल्याकडची बंडखोरी २०१३ मध्ये तिथे जमत नव्हती. पक्षांच्या निवडी निवडणुकीच्या तोंडावर झाल्या, तोवर मुदत उलटलेली होती. त्यामुळे अपक्ष व्हायचं तर आधीपासून ठरवून व्हावं लागलं.

लाटेविरुद्ध कसा आला? ४ मार्च २०१३ ला मतदाराच्या हाती सहा मतपत्रिका होत्या: राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, महिला प्रतिनिधी, वॉर्डाचा प्रतिनिधी. पक्षांचा प्रचार असा की सहाही ठिकाणी आमच्याच खुणेवर शिक्का मारा. तिकडे याला 'सिक्स पीस सूट' म्हणायचे. रिफ्ट व्हॅलीत कालेनजिन समाजाच्या पट्ट्यात विल्यम रुटोंच्या यूआरपी पक्षाचा जोर होता. पण चेरांगनी ज्यात येतो तो ट्रान्स-नझोया हा मिश्र वस्तीचा मक्याचा जिल्हा, तिथे लुह्या समाज मोठा आणि कालेनजिन गटही आहेत. अशा मतदारसंघात एकाच पक्षाची मक्तेदारी नसते, मतं फुटतात, आणि ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. पन्नास टक्क्यांची अट फक्त राष्ट्राध्यक्षाला. तिथे ज्याचं नाव घराघरांत माहीत आहे आणि ज्याच्यावर पक्षाचा शिक्का नाही, त्याला जागा असते. कोरिरने विद्यमान खासदार जोशुआ कुटुनी यांना हरवलं.

बोस्टनच्या विजयाने त्याला नाव दिलं. पण नुसतं नाव पुरलं असतं तर केनियाच्या संसदेत अर्धे धावपटू बसले असते, तिथे जगज्जेत्यांची काही टंचाई नाही. कोरिर आणि त्याची पत्नी टारा, तीही कॅनडाची धावपटू, किटाले भागात मुलांच्या शिक्षणासाठी 'केनियन किड्स फाउंडेशन' चालवत होते. फी भरलेलं मूल ज्या घरात असतं तिथे मत मागायला जाणं सोपं. हे काम निवडणुकीच्या आधीपासूनचं होतं, हे लेखात स्पष्ट लिहा. आपल्याकडच्या वाचकाला याचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही.

खडीचा_रस्ता

आता सराव. त्याची रोजनिशी माझ्याकडे नाही, त्यामुळे "कोरिर पहाटे अमुक वाजता उठायचा" असलं काही लिहिणार नाही. पण दोन वेळापत्रकं शेजारी ठेवली की अडचण आपोआप दिसते.

केनियाच्या नॅशनल असेंब्लीची बैठक मंगळवारी दुपारी, बुधवारी सकाळी आणि दुपारी, गुरुवारी दुपारी असते. दुपारची २:३० ला, बुधवार सकाळची ९:३० ला. सोमवारी आणि शुक्रवारी समित्या आणि मतदारसंघाचा प्रवास. शनिवार-रविवारी मतदारसंघात अंत्यविधी, चर्च, आणि हरांबी, म्हणजे शाळेसाठी वा कुणाच्या उपचारासाठी जमून वर्गणी काढण्याचे कार्यक्रम. तिथे खासदाराने नुसतं भाषण करून भागत नाही, पाकीट काढावं लागतं.

आता केनियातल्या मॅरेथॉन शिबिरांचा आठवडा. मंगळवारी ट्रॅक किंवा वेगाच्या आवृत्त्या. गुरुवारी फार्टलेक, म्हणजे धावता धावताच आलटून पालटून वेग वाढवणं आणि कमी करणं; इटेन या धावपटूंच्या गावात गुरुवार सकाळच्या फार्टलेकला शंभरावर धावपटू एकत्र येतात. शनिवारी किंवा रविवारी लांब धाव, ३० ते ४० किलोमीटर. उरलेल्या दिवशी सकाळी ७०-८० मिनिटं सौम्य, संध्याकाळी पुन्हा ४०-५० मिनिटं. आठवड्याचे १६० ते २०० किलोमीटर. काही शिबिरांत फार्टलेक आणि लांब धाव यांचे वार उलटे असतात, पण कठीण दिवस हेच तीन.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. खासदारकीनेही नेमके तेच दिवस मागितले.

वरवर बघता सकाळ मोकळी आहे, बुधवार सोडला तर सकाळी धावून दुपारी सभागृहात जाता येतं. पण तीन गोष्टी निसटतात.

पहिली, गट. २५-३० किलोमीटर, किलोमीटरमागे ३:१५ च्या वेगाने, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर एकट्याने ओढणं आणि वीस जणांच्या गटात धावणं यांत फार फरक आहे. सभागृह नैरोबीत, गट ३००-४०० किलोमीटर लांब इटेन-एल्डोरेट-किटाले पट्ट्यात. विमानाने तासाभराचं काम, पण विमानतळ आणि वाट बघणं धरून अर्धा दिवस जातो. कोरिरला एकट्याने धावायची सवय होती, वर शिकागोचं उदाहरण आलंच आहे. म्हणून त्याला हे जमलं असावं, दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं वाटत नाही.

दुसरी, दुपारची झोप आणि संध्याकाळची धाव. व्यावसायिक धावपटू दोन सरावांच्या मध्ये झोपतो, ती चैन नव्हे, सरावाचाच भाग आहे. सभागृहात तो वेळ बसून जातो. आठवड्याला पाच-सहा संध्याकाळच्या धावा गेल्या तर पन्नासेक किलोमीटर गेले. मॅरेथॉनच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ते दिसतात.

तिसरी, हजेरी. मतपेटी अधिक सांगतील, पण एका अधिवेशनात सभापतींच्या लेखी परवानगीशिवाय आठ बैठका चुकल्या आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही तर जागा रिकामी होते. आठवड्याला चार बैठका म्हणजे दोन आठवडे. परदेशातल्या शर्यतीला जायचं तर आधी अर्ज करायचा.

२०१३ चं गणित बघा. ४ मार्चला मतदान, २८ मार्चला शपथ, १५ एप्रिलला बोस्टन. मतदान ते शर्यत सहा आठवडे, शपथ ते शर्यत १८ दिवस. मॅरेथॉनच्या तयारीत शेवटच्या सहा ते तीन आठवड्यांत सगळ्यात जड काम असतं, आणि त्याआधीचे दोन महिने पाया घालायचे. त्याचा पाया प्रचारात गेला. तरी २:१२:३० वेळ दिली. आदल्या वर्षीच्या विजयापेक्षा दहा सेकंदांनी जलद, आणि तरी पाचवा. हवा चांगली होती, देसिसाने २:१०:२२ मध्ये जिंकली. बॉम्बस्फोट झाले ती हीच शर्यत. त्यामुळे त्या वर्षीच्या पाचव्या क्रमांकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, पण माझ्या मते धावपटू म्हणून त्याची ती सगळ्यात अवघड कामगिरी.

पुढे बोस्टनमध्येच २०१५ ला पाचवा २:१०:४९, आणि २०१६ ला चौथा २:१४:०५. तिसऱ्या क्रमांकाच्या त्सेगायपेक्षा फक्त तीन सेकंद मागे. २:०६ पुन्हा दिसली नाही. पहिल्या पाचात राहण्याइतका सराव खासदारकीत बसतो, जिंकण्याइतका बसत नाही, असा माझा निष्कर्ष. वयही तिशीच्या पुढे गेलं होतं, ते नाकारत नाही.

मतपेटी

हजेरीचं कलम १०३, बरोबर. आपल्याकडे कलम १०१ मध्ये ६० दिवसांची मुभा आहे, तीही सभागृहाने जागा रिकामी जाहीर केली तरच. केनियाचा नियम पुष्कळ कडक.

त्याच कलम १०३ मध्ये चौथ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने पक्षात प्रवेश केला तर त्याची जागा जाते. आपल्या दहाव्या अनुसूचीतही अपक्षाला हेच बंधन आहे. त्यामुळे कोरिरला पाच वर्षं औपचारिकपणे कुठल्याच पक्षात जाता येत नव्हतं. समित्यांच्या जागा पक्षांच्या प्रतोदांमार्फत वाटल्या जातात, तिथे अपक्षाचा शब्द कोण झेलणार?

दुसरं अर्धं उत्तर सत्तावाटपात. २०१३ पासून ४७ काउंटी सरकारं आली. प्राथमिक आरोग्य केंद्रं, काउंटीतली इस्पितळं, स्थानिक रस्ते, शेतीचा विस्तार, सगळं गव्हर्नरकडे गेलं. खासदाराच्या हाताशी उरला तो मतदारसंघ विकास निधी. आपल्या खासदार निधीसारखाच, पण रक्कम कायद्याने बांधलेली: राष्ट्रीय सरकारच्या महसुलातल्या वाट्याच्या किमान २.५ टक्के, सगळ्या २९० मतदारसंघांसाठी मिळून. शाळेच्या खोल्या, फीची मदत, पोलीस चौक्या ही त्यातली मुख्य कामं. फेब्रुवारी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने २०१३ चा निधी कायदा घटनाबाह्य ठरवला, त्यानंतर त्याच वर्षी नवा कायदा करून निधी वाचवला. मतदाराला मात्र हे तपशील माहीत नसतात. त्याला वाटतं, जगात नाव काढलेला माणूस निवडून दिला, आता दवाखाना येईल. दवाखाना गव्हर्नरच्या खात्यात.

सप्टेंबर २०१६ मध्ये सत्ताधारी आघाडीतले पक्ष एकत्र होऊन जुबिली पक्ष झाला. त्या पट्ट्यात त्याची उमेदवारी म्हणजे जवळपास विजय, अशी स्थिती होती. ऑगस्ट २०१७ च्या निवडणुकीत चेरांगनीची जागा जुबिलीकडून जोशुआ कुटुनी यांनी परत घेतली. २०१३ ला ज्यांना हरवलं तेच परत आले. पाच वर्षं जमिनीवर राहून वाट बघणारा व्यावसायिक राजकारणी आणि वर्षातून दोनदा शर्यतीच्या तयारीत गुंतणारा खासदार, यांत पहिल्याचं पारडं जड होणारच.

सह्यधाव

भरपूर मिळालं, आभार. मसुद्यात "बोस्टन जिंकून खासदार झालेला जगातला पहिला धावपटू" असं वाक्य घातलंय. चालेल ना? आणि रिओचा निकाल कसा मांडू? काही ठिकाणी "ऑलिंपिकमध्ये केनियाचं प्रतिनिधित्व" एवढंच दिसतं.

जुना_फलक

ते वाक्य काढा. त्याच २०१३ च्या निवडणुकीत नांदी काउंटीतल्या चेसुमेई मतदारसंघातून एलिजाह लागाट निवडून आले, यूआरपीकडून. लागाट हे २००० चे बोस्टन विजेते. इथिओपियाचा गेझाहेन्ये अबेरा आणि ते दोघेही २:०९:४७, निर्णय शेवटच्या पावलांवर; मोझेस टानुई तीन सेकंद मागे. त्याआधी १९९७ ची बर्लिन मॅरेथॉनही लागाटनी २:०७:४१ मध्ये जिंकली होती. म्हणजे केनियाच्या त्या संसदेत बोस्टनचे दोन विजेते एकाच वेळी बसत होते, एक पक्षाचा आणि एक अपक्ष. "पहिला" पेक्षा हे वाक्य जास्त रंजक नाही का? फरकही नीट मांडता येईल: लागाट निवृत्तीनंतर आले, कोरिर ऐन भरात असताना. खासदार असतानाच जगातल्या मोठ्या शर्यतींत पहिल्या पाचात येणं, हे कोरिरचं वेगळेपण.

स्त्रियांत पोर्तुगालची रोझा मोटा आधीची. बोस्टन तीनदा: १९८७, १९८८, १९९०. १९८७ चं जागतिक विजेतेपद, १९८८ च्या सोल ऑलिंपिकचं सुवर्ण २:२५:४०. युरोपीय विजेतेपद तर सलग तीनदा, १९८२, १९८६, १९९०. १९९५ ते १९९९ समाजवादी पक्षाकडून पोर्तुगालच्या संसदेत. पण तिची तुलना कोरिरशी जपून करा. पोर्तुगालमध्ये संसदेसाठी यादी फक्त पक्षच देऊ शकतो, मतदार यादीला मत देतो आणि जागा प्रमाणात वाटल्या जातात. तिथे नामवंत खेळाडू हा यादीतलं एक नाव असतो. हजार सह्या, स्वतःचं चिन्ह, समोरासमोर विद्यमान खासदार, हे काही तिच्या वाट्याला आलं नाही. शिवाय ती निवडून आली तेव्हा तिची मोठ्या शर्यतींची कारकीर्द संपली होती.

हैले गेब्रसेलासीला या यादीत घालू नका, बरेच जण घालतात. २०१५ ची निवडणूक लढवण्याचं त्याने बोलून दाखवलं होतं, लढवली नाही. पुढे २०१६ ते २०१८ तो इथिओपियाच्या ॲथलेटिक्स महासंघाचा अध्यक्ष होता. ते क्रीडा संघटनेचं राजकारण, मतदारसंघाचं नव्हे.

रिओबद्दल सरळ लिहा. २१ ऑगस्ट २०१६, केनियाचे तिघे: इलियुड किपचोगे, स्टॅनली बिवोट, वेस्ली कोरिर. किपचोगेला २:०८:४४ मध्ये सुवर्ण. बिवोट आणि कोरिर दोघांनीही शर्यत पूर्ण केली नाही. विद्यमान खासदाराने ऑलिंपिक मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणं हीच मोठी गोष्ट आहे, निकाल लपवून ती मोठी होत नाही. तक्त्यात त्याच्या नावापुढे वेळेच्या रकान्यात 'अपूर्ण' लिहा. तिथे मोकळी जागा सोडलीत तर छापखान्यातलं कुणीतरी किपचोगेची वेळ खाली ओढून भरेल.